तहानलेलं दिसतंय बिचारं

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे. सिनेमात दिसतात ते दोन-तीन मजली उंचीचे, हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग त्याच मुलखातले. तिथे वर्षभरात पाऊस पडतो साधारण तीनशे मिलिमीटर. ठाणे जिल्ह्यात पडतो अडीच हजारांच्या आसपास. आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर मोजला. म्हणजे टूसॉनच्या निवडुंगाने तीन वर्षं पुरवून पुरवून प्यायचं पाणी आपल्याकडे एका मंगळवारी पडून मोकळं झालं.

हे आकडे पाहिल्यावर ठाणे ते कल्याण या पट्ट्यात कुणी वाळवंटी निवडुंग पाळायच्या भानगडीत पडू नये. पण शक्याशक्यतेचा विचार करून जगणारी ही वस्तीच नव्हे. कर्जतहून भरून आलेल्या फास्टमध्ये जो माणूस रोज डोंबिवलीला चढून दाखवतो, त्याला भर जुलैत मेक्सिकोचं झाड जगवणं ही काही फार मोठी गोष्ट वाटत नाही. त्यामुळे आज नौपाड्यापासून खडकपाड्यापर्यंत खिडक्यांच्या ग्रिलमध्ये, पूर्वी जिथे लोणच्याच्या बरण्या ऊन खात बसायच्या, तिथे काटेरी गोळे येऊन बसले आहेत.

ते येतात कुठून याचा माग काढला, तर बऱ्याचदा संक्रांत सापडते. हळदीकुंकवाचं वाण स्टीलच्या वाट्यांवरून प्लास्टिकच्या डब्यांवर आलं, डब्यांवरून कापडी पिशव्यांवर आलं आणि आता ते सक्युलंटपाशी पोचलं आहे. इवल्याशा पांढऱ्या कुंडीत एक मांसल पानांचं रोप, वर चार रंगीत खडे. देणारीला पर्यावरणाचं समाधान, घेणारीला टीव्हीशेजारी ठेवायला वस्तू. मुहूर्तही रोपाच्या दृष्टीने उत्तम असतो. जानेवारीत हवा कोरडी, रात्री थोडा गारवा. रोप फेब्रुवारीत खूश असतं, मार्चमध्ये टवटवीत दिसतं, मे महिन्यात त्याला बाजूने पिल्लं फुटतात. ‘आमच्याकडे काय छान जगतं हो,’ असं म्हणेपर्यंत जून लागतो. मग आषाढातल्या एखाद्या सकाळी त्याची पानं पारदर्शक झालेली दिसतात आणि बोट लावलं की सगळी एकदम खाली येतात. पुढच्या संक्रांतीला नवीन रोप येणारच असतं.

यातलं जेड तेवढं टिकतं. नर्सरीत जेड म्हणून मिळतं ते पुष्कळदा जेड नसून पोर्टुलाकारिया असतं. दक्षिण आफ्रिकेत हत्ती ते खातात. हत्तीच्या तोंडून वाचलेल्या झाडाला डोंबिवलीचा पाऊस काय करणार?

वाणावर ज्यांचं भागत नाही ते नर्सरी गाठतात. घोडबंदर रोडच्या कडेला मांडलेल्या रोपांपुढे मोटारी थांबतात, माणसं उतरतात, आणि नर्सरीवाला या धंद्यातलं सर्वांत मोठं वाक्य बोलतो, ‘याला काहीच करावं लागत नाही.’ वाक्य खरं आहे. अडचण एवढीच की ते ऐकणारा माणूस मराठी असतो, आणि काहीच न करणं त्याला येत नाही. तेवढ्यात शेजारच्या बाईंचं लक्ष फुललेल्या निवडुंगाकडे जातं. गोल, गुबगुबीत, माथ्यावर गुलाबी फूल. ‘याला बारा महिने फूल असतं का?’ ‘असतं ना मॅडम.’ असणारच. ते वाळवलेलं फूल ग्लू गनने चिकटवलेलं असतं. घरी आणल्यावर महिनोन्‌महिने ते कोमेजत नाही याचं घरात कौतुक होतं, खत कोणतं घातलं याची चौकशी होते, आणि ज्या घरी खत घातलेलं असतं तिथे त्याचं श्रेय खताला मिळतं.

दुसरं आकर्षण म्हणजे मून कॅक्टस. हिरव्या तिधारी दांड्यावर लाल, पिवळा किंवा केशरी गोळा. हा गोळा जिम्नोकॅलिशियम जातीचा. त्याच्यात हरितद्रव्यच नसल्यामुळे त्याला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही, म्हणून त्याचं दुसऱ्या निवडुंगाच्या खुंटावर कलम करतात. १९४०च्या सुमारास जपानी बागवानांनी काढलेली ही युक्ती. खुंट राबतो, गोळा मिरवतो. काही वर्षांत खालच्याची वाढ वरच्याला झेपत नाही आणि दोघांचं फाटतं. अशी घरं आपल्याही माहितीत असतात, नावं घ्यायची नाहीत. डोंबिवलीत या रंगांचं मात्र कुणाला फारसं नवल वाटत नाही. २०१४च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला आहे आणि २०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला लोकांनी पाहिला आहे. त्यापुढे एका निवडुंगाने लाल होऊन काय मोठं केलं?

अट्टल मंडळी मात्र नर्सरीवर समाधान मानत नाहीत. राणीच्या बागेत भरणारं पालिकेचं झाडा-फुलांचं प्रदर्शन बघायचं आणि येताना भायखळ्याहून गोल्डन बॅरल घेऊन लोकलने परतायचं, हा एक स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे. गोल्डन बॅरल म्हणजे पिवळ्याधमक काट्यांचं गोलच्या गोल पिंप. परदेशात त्याला विनोदाने सासूबाईंची गादी म्हणतात. ही माहिती घरी सांगू नये. तर हे पिंप दोन्ही हातांत धरून संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये जो चढतो, त्याच्याभोवती मध्य रेल्वेवर कुणी पाहिलं नसेल असं दृश्य तयार होतं. त्याच्या चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा असते. घाटकोपरला चढणारा लोंढा त्याच्यापर्यंत येऊन दोन बाजूंना वळतो. कुणीतरी ‘अरे काका, काय आहे ते?’ म्हणून ओरडतं, कुणीतरी ‘बॉम्ब परवडला’ म्हणतं. ठाण्याला कुणी आपण होऊन चौथी सीट देतं, पण ती घेता येत नाही, कारण तिसऱ्या सीटवरचा हात जोडतो. गंमत म्हणजे मेक्सिकोत, जिथलं हे झाड आहे तिथे, सिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याचा बराचसा मूळ मुलूख गेला आणि रानात ते दुर्मीळ झालं. जगभरच्या नर्सऱ्यांत मात्र ते लाखांनी आहे. धरणग्रस्तांना कुठे ना कुठे जागा मिळते म्हणायची.

घरी आल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. तो पावसाचा नाही. पाऊस चारच महिने असतो.

आपल्याकडे दारात कुणीही आलं तरी आधी पाणी विचारतात. कुरिअरवाल्याला विचारतात, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्याला विचारतात, भांडायला आलेल्या खालच्या मजल्यावरच्यांनासुद्धा ‘पाणी घ्या आधी’ म्हणून बसवतात. अशा घरात एक झाड कोपऱ्यात उभं आहे आणि त्याला तीन आठवडे कुणी पाण्याचं विचारायचं नाही, ही कल्पना माणसांच्या पचनी पडत नाही. बरं, निवडुंगाचा मालक एक असला तरी पाणी घालणारे अनेक असतात. मालक कुंडीवर ‘पाणी घालू नये’ अशी चिठ्ठी लावतो. सासूबाई तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं घोटभर त्यालाही घालतात, तेवढ्याने काय होतंय म्हणून. कामाच्या मावशी लादी पुसताना येता-जाता हात ओला असतो म्हणून शिंपडतात. शाळेतून आलेलं पोर बाटलीत राहिलेलं पाणी आईला दिसू नये म्हणून तिथेच ओततं. रात्री मालक घरी येतो आणि सुट्टीचा दिवस नसल्यामुळे दिवसा जमलं नाही, तर आत्ता निदान थोडं, असं म्हणून तोही घालतो. चिठ्ठी भिजून पडते.

या झाडाचं पोट कसं चालतं हे पाहिलं तर पाण्याची एवढी घाई करण्याचं कारण नाही. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच उघड्या दारातून त्यांचं पाणी वाफ होऊन जातं. निवडुंग दिवसा दारं बंद ठेवतो. रात्री गारव्याला ती उघडतो, हवा आत घेतो, तिचं आम्ल करून साठवतो आणि दिवसा सूर्य आला की बंद दाराआड त्याचा स्वयंपाक करतो. पहाटे तीनला पाणी येतं म्हणून उठून पिंपं भरून ठेवायची आणि दिवसभर ती पुरवायची, हे ज्या गृहिणींनी वर्षानुवर्षं केलं आहे त्यांना हे शास्त्र समजावून सांगायला लागू नये. पण त्याच गृहिणी सकाळी त्याला पाणी घालतात.

आमच्या इमारतीत या विषयातला अधिकार चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. काका बँकेतून निवृत्त झाले आणि बँकेत माणसांशी जसे वागत तसेच निवडुंगांशी वागतात. अर्ज आला तरी लगेच काही द्यायचं नाही. त्यांच्याकडे वही आहे. वहीत झाडाचं नाव, तारीख, चमचे. ‘पाणी केव्हा घालायचं?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. ‘घालावंसं वाटलं की आठ दिवस थांबायचं. मग परत वाटलं तर अजून आठ.’ माती त्यांनी जवळजवळ हद्दपार केली आहे. कुंडीत निम्म्याहून अधिक विटांचा चुरा, जाड रेती, कोळशाचे तुकडे, मूठभर गांडूळखत, चिमूटभर निंबोळी पेंड. पाणी वरून ओतलं की खालून लगेच बाहेर आलं पाहिजे. विटांच्या चुऱ्याची मात्र आता ददात नाही. गल्लीत दर तिसरी इमारत रीडेव्हलपमेंटला गेलेली, त्यामुळे पिशवी घेऊन खाली उतरलं की काम होतं. नर्सरीत हाच चुरा पॉटिंग मिक्स म्हणून पाकिटात मिळतो.

रीडेव्हलपमेंट एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं. समोरची चार मजली इमारत पडून तिथे टॉवर आला की इकडच्या निवडुंगांचं ऊन जातं. मग गोल गोळा वरच्या बाजूने बारीक होत, वाकडा होत उजेडाच्या दिशेने निघतो. घरातले म्हणतात, ‘बघा, किती वाढलं!’ काका म्हणतात, ‘वाढलं नाही, लांबलंय.’ काकांना एकदा सग्वारोचं बी लावायचं होतं. सग्वारो पहिल्या सात-आठ वर्षांत इंचभर, फार तर दीड इंच वाढतो आणि त्याला पहिला हात फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात, हे कळल्यावर त्यांनी सोसायटीच्या कन्व्हेयन्सचा विचार केला आणि बेत सोडला.

पाऊस लागला की काकांकडे स्थलांतर होतं. ग्रिलमधल्या कुंड्या आत येतात. आधी सोफ्याच्या कडेला, मग डायनिंग टेबलवर, मग फ्रिजवर. काकू जून ते सप्टेंबर पाहुण्यांना बोलावत नाहीत. एकदा एका भाच्याने घाईत बनी इअर्सच्या कुंडीवर हात टेकला होता. या निवडुंगाला मोठे काटे नसतात, मखमलीसारखे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्यात बारीक कुसळांचा झुपका असतो. सेलोटेप लावून, उपटून, भिंगातून पाहून ती काढण्यात गौरींचं जेवण थंड झालं. तेव्हापासून काका निवडुंगाला हात लावताना वर्तमानपत्राची जाड घडी वापरतात.

बाकी फुकटचा निवडुंग आपल्याकडे पूर्वी कमी नव्हता. शेताच्या कुंपणाला शेर आणि तीनधारी निवडुंग लावायची पद्धत जुनी. त्यातला तीनधारी आपला मूळचा. दोन्ही तोडली की पांढरा चीक येतो. शास्त्राच्या हिशेबाने ती कॅक्टस नव्हेतच. फड्या निवडुंग मात्र अस्सल कॅक्टस, अमेरिकेतून आलेला. त्याच्यापायी ईस्ट इंडिया कंपनीने एक मोठा घोळ घातला. ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या कोटाला लाल रंग लागायचा, तो फड्या निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्यापासून निघायचा आणि त्याची मक्तेदारी होती स्पेनकडे. कंपनीने ठरवलं, आपणच किडे पाळू. १७९५ साली एका कॅप्टनने ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले. ते निघाले भलत्याच जातीचे. रंग हलका, भूक दांडगी. कोट काही त्यांनी रंगवले नाहीत, पण निवडुंग मात्र पार फस्त करत सुटले. मागवलं एक आणि आलं दुसरं, हा अनुभव आपल्याला ऑनलाइन खरेदीमुळे आला असं समजायचं कारण नाही. पुढे १९२६ साली दक्षिण भारतात फड्याची दुसरी एक जात डोईजड झाली, तेव्हा याच किड्याचा एक भाऊबंद मुद्दाम आणून सोडला आणि तो कामाला लागला. आज खिडकीतल्या निवडुंगावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की काका कानातल्या काडीला स्पिरिट लावून बसतात. तो पिठ्या ढेकूण. कोचिनियलच्या गोतावळ्यातलाच.

पुण्याला नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली अशी कथा सांगतात, आणि तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात आली की मुक्कामाला तिथेच असते. देवाला निवडुंगात राहायला हरकत नव्हती. हरकत आहे ती वास्तुतज्ज्ञांना. ‘घरात काटेरी झाड असलं की वादविवाद होतात’ हा नियम ठाण्यात अनेकांना पाठ आहे, आणि अनुभवानेही सिद्ध आहे, कारण घरात निवडुंग आणला की पहिला वाद तो ठेवायचा की नाही यावरच होतो. गुलाबालाही काटे असतात हा मुद्दा या वादात चालत नाही.

आणि आता खरी मौज. ज्या घरात काटेरी म्हणून निवडुंगाला उंबरठ्याबाहेर ठेवतात, त्याच घराच्या गॅलरीत ब्रह्मकमळ असतं. पावसाळ्यात कळी लोंबायला लागली की घर सावध होतं. रात्री आठनंतर पाकळ्या सैल होतात. शेजारपाजारच्यांना फोन जातात, वरच्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून आणतात, फुलाला हळदकुंकू वाहतात, उदबत्ती लावतात, बारापर्यंत फूल ताटाएवढं होतं तोवर मसाला दूध होतं आणि सकाळी ते मान टाकतं. उत्तराखंडच्या उंच डोंगरांत, तीन हजार मीटरच्या वर उगवणारं ब्रह्मकमळ वेगळंच. डोंबिवलीच्या गॅलरीतलं हे एपिफायलम म्हणजे शुद्ध, जातिवंत कॅक्टस. दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. काटे नाहीत, पान म्हणून आपण शेजारणीकडून मागून आणतो आणि कुंडीत खोचतो तो त्याचा चपटा झालेला दांडा. वाळवंटाशी त्याचा संबंध नाही, दमट हवा आणि पाऊस त्याला माहेरचेच, त्यामुळे आपल्याकडे तो बेफाम फोफावतो. टूसॉनच्या भाऊबंदांची जिथे दोन पावसाळ्यांत माती होते, तिथे याची उदबत्ती लावून पूजा होते. वास्तूचा नियम सांगणाऱ्या एका वहिनींना काकांनी भर ब्रह्मकमळाच्या समारंभात हे समजावून सांगितलं. दूध मिळालं, पण पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

तीच गत ड्रॅगनफ्रूटची. सांगली-सोलापूरकडे कमी पाण्याच्या भागात शेतकरी खांबांवर चढवून त्याची शेती करतात, गुजरात सरकारने २०२१ साली त्याचं कमलम असं बारसं केलं, जांभळी नाक्यावर ते पेरूशेजारी रचलेलं असतं आणि एकादशीला चालतं की नाही यावर दोन मतं आहेत. तेही निवडुंगाचंच फळ. मून कॅक्टसचा गोळा ज्याच्या जिवावर मिरवतो, तो खुंटसुद्धा याच घराण्यातला.

निवडुंग घ्यायचं आणखी एक कारण अलीकडे निघालं आहे. कबुतरं. जाळी लावून झाली, जुन्या सीडी टांगून झाल्या, प्लास्टिकचं घुबड बसवून झालं. आता एसीच्या बाहेरच्या युनिटवर काटेरी कुंड्या ठेवायच्या, म्हणजे कबुतरं बसणार नाहीत. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चौथ्या मजल्यावरून एक पसरट मॅमिलेरिया याच कामासाठी मागून घेतला. काकांनी तो मुलगी सासरी पाठवावी तसा पाठवला, चार-चारदा बजावून. काकूंनी रोज तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली. काका वरून वाकून बघत आणि आत जात.

कबुतरांच्या बाबतीत एक गोष्ट कुणी लक्षात घेतलेली नसते. ॲरिझोनातली पांढऱ्या पंखांची कबुतरं सग्वारोच्या फुलातला मध पितात, त्याची फळं खातात, आणि तिथले होले चोया निवडुंगाच्या काट्यांत खुशाल घरटं बांधतात. काटे असले की साप-मांजर सहजी वर येत नाही. हे ज्ञान डोंबिवलीच्या पारव्यांपर्यंत कसं पोचलं ठाऊक नाही, पण फेब्रुवारीत काकूंच्या मॅमिलेरियाच्या मधोमध चार काड्या पडल्या आणि दोन दिवसांनी दोन अंडी.

काकूंनी ती खिडकी बंद केली. अंड्यांना हात लावायचा नाही, पारवीला उठवायचं नाही, पाप लागतं. अंडी उबली, पिल्लं निघाली, कुरूप दिसली, मोठी झाली. तितके दिवस त्या कुंडीला ना तांब्या, ना शिंपण, ना चिठ्ठी. दुपारभर ऊन, रात्री कोरडी हवा. एप्रिल उजाडताना पिल्लं उडून गेली आणि काकूंनी खिडकी उघडली. मॅमिलेरिया जरा आत ओढला गेला होता, सुरकुतला होता आणि त्याच्या प्रत्येक डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं धरलं होतं. काकांना जिन्यावरून हाका गेल्या. काका चप्पल न घालता खाली आले, चष्मा वर-खाली करत पाहत राहिले आणि म्हणाले, ‘वहिनी, हेच. हेच मी पाच वर्षं सांगतोय. आता फक्त हात लावू नका.’

‘नाही हो, हात कशाला लावतेय,’ काकू म्हणाल्या. ‘पण तहानलेलं दिसतंय बिचारं.’ आणि तांब्या आणायला आत गेल्या.